पंगतीची तालीम

कुमुदताईंना मोठ्यानं बोलताना मी कधी ऐकलं नाही. टेलिफोन खात्यातल्या हौशी नाटकमंडळात त्यांनी वर्षानुवर्षं प्रॉम्प्टरचं काम केलं होतं. विंगेत बसायचं आणि नट अडखळला की त्याचं वाक्य फक्त त्यालाच ऐकू जाईल इतक्या बेतानं पुटपुटायचं. पुढे नोकरी संपली, मंडळही बंद पडलं, पण कुजबूज राहिली. भाजीवाल्याशी घासाघीससुद्धा त्या कुजबुजतच करायच्या आणि तो बिचारा काहीतरी गुपित असल्यासारखा कान पुढे करायचा.

माझ्या धाकट्या भावाला, हेमंतला, ऑटिझम आहे हे आम्हाला तो चांगला मिशीवाला झाल्यावर कळलं. तोवर घरात त्याला 'तऱ्हेवाईक' म्हणून सोडून देत. पुण्यात तेव्हा सॉफ्टवेअर कंपन्यांचं पेव फुटलं होतं. त्यातल्या एकीत तो प्रोग्रॅम तपासायच्या कामाला लागला. कामाचं काही अडत नव्हतं, अडायचं ते माणसांपाशी. साहेबांनी जाता जाता "कसं काय?" म्हटलं की हा त्यांना थांबवून पोटाची तक्रार साग्रसंगीत सांगायचा. डबा जिन्यात बसून एकटाच खायचा. आईची जुनी मैत्रीण असलेल्या कुमुदताई अशा मोठ्या मुलामुलींची दर शनिवारी घरी तालीम घेतात असं कळलं, म्हणून मी त्याला विश्रांतवाडीहून शनिवार पेठेत घेऊन गेले.

दार उघडताच हेमंत म्हणाला, "तुमच्या घरात घाण वास येतोय."

माझा चेहरा पडला. कुमुदताई मात्र खूष. "येतोय ना? हिंगाची डबी सांडलीय सकाळी. आत्तापर्यंत चारजण नाक मुरडून गेले, एकानं तोंडानं सांगितलं नाही. या हेमंतराव, खिडकीपाशी बसा."

मला त्या पहिल्या मिनिटापासून अगं-तूगं करत, त्याला मात्र अहो-जाहो. नातेवाइकांत तो अजून 'बाळ्या' होता. त्या दिवशी घरी येताना बसमध्ये तो स्वतःशीच "हेमंतराव" असं दोनदा म्हणाला.

त्यांची तालीम पाहण्यासारखी असायची. टपाल कचेरीतला कारकून, रिक्षावाला, कुजकं बोलणारा दुकानदार, सगळ्या भूमिका त्याच करायच्या. दुकानदाराची तर फारच मन लावून करायच्या. डोळ्याला डोळा भिडवायची सक्ती नव्हती. "नट काय प्रेक्षकांच्या डोळ्यांत बघतात होय? कपाळाकडे बघायचं, निभावतं." एकदा आई बरोबर आली होती. कुमुदताईंनी हेमंतला काही विचारलं की उत्तर आईच द्यायची. शेवटी त्या पुटपुटल्या, "मालती, प्रॉम्प्टरच आधी बोलायला लागला तर नाटक कोणाचं गं?" आई घुश्शात गप्प बसली, आणि गप्प बसली म्हणून हेमंत बोलला.

मग आली श्रीकांतच्या लग्नाची पत्रिका. श्रीकांत त्याच्या शेजारच्या टेबलावर बसायचा. हेमंतच्या स्वतःच्या नावानं आलेली ही पहिलीच पत्रिका. त्यानं ती उशाशी ठेवली. आई मात्र नुसता आहेर पाठवून देऊ म्हणाली. आमच्या मावसबहिणीच्या लग्नात बँड सुरू झाल्यावर तो कान दाबून अनवाणी रस्त्यावर पळाला होता आणि शोधाशोधीत मुहूर्त टळायची वेळ आली होती. तेव्हापासून कुठलंही कार्य असलं की "घर राखायला कुणीतरी हवंच ना" म्हणून त्याला मागे ठेवत. त्यानं कधी तक्रार केली नाही. आम्ही नटूनथटून निघालो की गॅलरीत उभा राहायचा.

"मला जायचंय," तो कुमुदताईंना म्हणाला. "नाही जमलं तर मी परत कुठे जायचं म्हणणार नाही."

"जमेल. चला, पहिल्यापासून."

आहेर कसा द्यायचा, नवरा-नवरीला काय म्हणायचं, सगळं झालं. बँडचं काय? त्यावर त्या म्हणाल्या, "एंट्री सोपी असते हो. एक्झिट ठरलेली नसली की माणूस बिथरतो. आपण आधीच ठरवू." मंगल कार्यालयाच्या मागच्या दारी पायऱ्या होत्या. आवाज वाढला की तिथे जाऊन बसायचं आणि थांबला की परत यायचं, एवढं ठरलं.

घोडं अडलं ते पंगतीत. जमिनीवर ताटं मांडून वाढपी झालेल्या कुमुदताईंनी विचारलं, "जिलबी?"

"नको."

यांनी दोन वाढल्या. हेमंत भडकला. "मी नको म्हणालो ना?"

"म्हणालात. पण पंगतीत पहिलं नको कुणी धरत नाही. पाहुण्यानं लाजायचं, वाढप्यानं आग्रह करायचा, अशी रीत आहे."

"मग खरंच नको असलेल्या माणसानं काय करायचं?"

कुमुदताई वाढप्याचं काम सोडून त्याच्या शेजारी बसल्या. "दोन्ही हात ताटावर आडवे धरायचे. त्यावर जिलबी टाकायची कुणाची छाती नाही."

लग्नाला त्या स्वतः आल्या, जरीच्या साडीत. "पत्रिकेवर सहपरिवार छापलंय. मी परिवार," असं म्हणून माझ्याबरोबर मागच्या रांगेत बसल्या. मंगलाष्टकं संपली आणि बँड जो कडाडला! हेमंत ताडकन उठला. मीही उठले. कुमुदताईंनी माझं मनगट धरलं. "बस खाली. एक्झिट ठरलेली आहे."

तो मागच्या दारानं गेला. बँड वाजतच होता, आणि माझा जीव टांगणीला लागला होता. शेजारी पाहिलं तर कुमुदताईंचे ओठ हलत होते, आवाज मात्र नव्हता. बँड थांबला. थोड्या वेळानं दारात हेमंत दिसला, केस नीट बसवत. सरळ स्टेजवर गेला, श्रीकांतच्या कपाळाकडे बघत म्हणाला, "अभिनंदन. बँड फार वाईट होता." श्रीकांत इतका हसला की फेटा सरकला. त्यानं हेमंतला मिठी मारण्याआधी "चालेल ना?" असं विचारलं. हेमंत म्हणाला, "थोडीशी चालेल." माझ्या डोळ्यांना धार लागली.

पंगतीत कुमुदताई समोरच्या रांगेत होत्या. त्यांना मधुमेह. नवऱ्याचे काका जिलबीचं ताट घेऊन हटूनच बसले. "असं कसं, एक तरी!" आयुष्यभर इतरांना वाक्यं पुरवणाऱ्या बाईंना स्वतःसाठी एक वाक्य सुचेना. त्या नुसत्या "नको हो, नको हो" पुटपुटत होत्या. तेवढ्यात हेमंत पानावरून उठला, पंगत ओलांडून गेला आणि त्यांच्या ताटावर स्वतःचे दोन्ही हात आडवे धरून म्हणाला, "त्या नको म्हणाल्या."

काका जिलबीसकट पुढे सरकले. कुमुदताई हसल्या, आणि त्यांचं मोठ्यानं हसणं मी तेवढं एकदाच ऐकलं.

पुढच्या सोमवारपासून हेमंत डबा श्रीकांतबरोबर खायला लागला. आमच्या घराला कुलूप लावून सगळ्यांनी कार्याला जायची पद्धत पडली.

काही वर्षांनी कुमुदताई गेल्या, झोपेतच. तेराव्याला त्यांच्या पुतण्यानं पंगत घातली होती. हेमंतनं जिलबी वाढायचं काम मागून घेतलं. रीतीप्रमाणे पहिल्या माणसानं "नको" म्हटलं, हेमंत पुढे. दुसऱ्यानं "नको", हेमंत पुढे. निम्मी पंगत कोरडी राहिल्यावर एक आजोबा कळवळून ओरडले, "अहो, हवी होती!"

"मग हवी म्हणायचं," हेमंत म्हणाला आणि परत फिरून त्यांना दोन वाढल्या. तेराव्याच्या जेवणात सगळी पंगत हसली. त्यानंतर जो तो मुकाट्यानं "हवी" म्हणायला लागला.

शेवटी फोटोसमोर कुमुदताईंचं पान मांडलेलं होतं. हेमंत तिथे थांबला, फोटोतल्या कपाळाकडे क्षणभर पाहिलं आणि न वाढताच वळला.

"अहो, तिथेही वाढा ना," पुतण्या म्हणाला. "आता कसलं पथ्य?"

हेमंतनं मान हलवली. "त्या नको म्हणाल्या होत्या."