पाण्याची माफी

माझ्या सासऱ्यांनी सत्तरीत पुन्हा बाप्तिस्मा घ्यायचं ठरवलं. दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं. परळहून लांब उपनगरात, गोडदेवला राहायला येऊन आम्हाला बऱ्यापैकी काळ झाला होता आणि इमारतीत पाणी सकाळी एकदाच यायचं, तेही आलं तर. बाप्तिस्म्याचा आणि ह्या पाण्याचा काही संबंध असेल असं तेव्हा घरात कोणालाच वाटलं नाही.

तसा त्यांचा बाप्तिस्मा एकदा झालेला होता. आम्ही पिढीजात ख्रिस्ती, त्यामुळे तान्हेपणीच कपाळावर चार थेंब शिंपडून तो विधी उरकलेला. सासूबाईंचं म्हणणं साधं होतं. "एकदा झालंय ना? मग पुन्हा काय उकरून काढायचं? लग्नही पुन्हा करणार आहात का?" पण पप्पा, म्हणजे सासरे, हल्ली रविवारी जवळच्याच हाटकेशच्या एका गाळ्यात भरणाऱ्या छोट्या मंडळीत, म्हणजे उपासनेला जमणाऱ्या लोकांत, जायला लागले होते. तिथल्या पाळकांचं, म्हणजे धर्मगुरूंचं, मत असं की तान्ह्या बाळाला पाप कळत नाही, पश्चात्तापही कळत नाही, तेव्हा मोठेपणी समजून उमजून सबंध पाण्यात बुडून बाप्तिस्मा घ्यावा. हे पप्पांच्या डोक्यात बसलं, आणि त्यांच्या डोक्यात बसलेली गोष्ट काढणं आमच्यापैकी कोणाला कधी जमलेलं नाही.

तो गाळा एरवी स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करण्याचा होता. मालक मंडळीतलाच, म्हणून रविवारी जागा मिळायची. शनिवारी संध्याकाळी कितीही पुसलं तरी पॉलिशची काळी भुकटी खुर्च्यांवर राहायचीच. पापं धुऊन घ्यायला पांढऱ्या कपड्यांत गेलेली माणसं पार्श्वभागावर काळे ठसे घेऊन घरी यायची, आणि ते धुवायला पुन्हा पाणी नसायचं. बाप्तिस्माही तिथेच व्हायचा, भांडी खंगाळण्याच्या सिमेंटच्या हौदात.

पाळकांचा एक नियम होता. हौदात उतरण्याआधी, ज्याचं आपण वाईट केलं असेल त्याच्या दारात जायचं, काय केलं ते सांगायचं आणि त्याच्या तोंडून 'माफ केलं' असं ऐकून यायचं. पप्पांबरोबर नाव दिलेले दोघं सुखी होते. एक पूर्वी दारू पिऊन बायकोला मारायचा, दुसऱ्याने धाकट्या भावाची खोली लाटली होती. त्यांना कुठे जायचं ते पक्कं ठाऊक होतं. पप्पांना मात्र काही सापडेना. ते आठवडाभर गॅलरीत बसून पाप आठवत होते आणि मी आतून त्यांना चहा देत होते. मला तर अभिमानच वाटत होता. म्हटलं, आमच्या पप्पांचं एक पाप निघालं तर शपथ.

शेवटी जेवताना त्यांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला आणि म्हणाले, "वॉल."

आमच्या सोसायटीत दोन विंगा होत्या. आमची ए, समोरची बी. खालच्या टाकीतलं पाणी पंपाने गच्चीवरच्या टाक्यांत चढवायचं आणि एक लोखंडी वॉल फिरवून आधी एका विंगेला, मग दुसऱ्या विंगेला द्यायचं. वॉचमनला सकाळी उठवणं पंप उचलण्यापेक्षा कठीण, म्हणून निवृत्त झाल्यापासून हे काम पप्पांनी अंगावर घेतलं होतं. सगळे त्यांना मानायचे. कोणी पगार देत नव्हतं, कोणी आभारही मानत नव्हतं, पण पप्पा भल्या पहाटे किल्ली घेऊन खाली हजर. आता ते सांगत होते की इतकी वर्षं त्यांनी आमची टाकी नेहमी काठोकाठ भरू दिली आणि बी विंगेला उरलंसुरलं दिलं. बीच्या चौथ्या मजल्यावर नळाला नुसती हवा यायची हेही त्यांना ठाऊक होतं.

"हे घराबाहेर बोलायचं नाही," सासूबाई म्हणाल्या. "आपल्याला इथेच राहायचंय."

पप्पा सोसायटीच्या मीटिंगमध्ये उभे राहून बोलले. गच्चीच्या डांबराचा विषय चालला होता. तो मध्येच तोडून त्यांनी हात जोडले आणि सगळं सांगितलं. सेक्रेटरी गुजराती, स्वभावाने शांत गृहस्थ. त्यांनी कागद खाली-वर पाहिला आणि म्हणाले, "अंकल, ये विषय आज के अजेंडा में नहीं है. अगली मीटिंग में लीजिए." पण तोवर बी विंग उठून उभी राहिली होती. आमची विंगही उठली, आणि आमची जास्त चिडलेली होती. आमच्या खालच्या मजल्यावरचे काका पप्पांचा हात धरून म्हणाले, "अहो, माफी मागायची तर मोघम मागा ना. वॉलचं कशाला सांगायचं?"

बी विंगेने एका अटीवर सगळ्यांच्या वतीने माफ करून टाकलं. अट अशी की वॉलची किल्ली त्यांच्या माणसाकडे द्यायची. दिली. त्या माणसाने दुसऱ्याच दिवसापासून बीची टाकी अशी भरायला घेतली की गच्चीवरून पाणी वाहून भिंतीला शेवाळ धरलं, आणि आमचे नळ खाकरायला लागले. डोक्याला साबण लावून मी मोरीत उभी, आणि नळातून एक थेंब नाही. पश्चात्ताप सासऱ्यांनी केला आणि फेस माझ्या डोळ्यांत गेला. मी त्या दिवशी बाहेर येऊन जे बोलले ते कुठल्याही मंडळीत बोलण्यासारखं नव्हतं.

पण पप्पांचं समाधान होईना. विंगेने दिलेली माफी त्यांना चालत नव्हती. नियम तोंडून ऐकण्याचा होता, म्हणून ते घरोघर गेले. सगळ्यांनी "जाऊ द्या हो काका" म्हणून चहा पाजला. अडलं ते चौथ्या मजल्यावर. तिथे रत्नागिरीकडची एक बाई राहायची, माझ्याहून थोडी मोठी. सगळे तिला ताई म्हणायचे. नवरा अंधेरीला कामाला, ती घरी पोळ्या करून विकायची. तिने पप्पांचं सगळं दारात उभं राहून ऐकलं आणि म्हणाली, "बघते."

एवढंच. माफ करते नाही, करत नाही असंही नाही.

मग पप्पा रोज सकाळी तिला एक बादली पाणी नेऊन द्यायला लागले. आता हा प्रकार नीट समजून घ्या. तिच्या विंगेत पाणी उतू जात होतं. आमच्याकडे तांदूळ धुवायला पाणी नव्हतं. आणि आमच्या कोरड्या घरातल्या पिंपातली बादली सत्तरीचा म्हातारा चार मजले चढवून तुडुंब घरात नेत होता. जिन्यात दर वळणावर धापा टाकत थांबायचा. तिला ती ओतायला जागा नसायची. दोन दिवस तिने तुळशीला घातली, तुळस सडायला लागली. मग ती त्या पाण्याने जिना धुवायला लागली. बी विंगेचा जिना इतका चकचकीत झाला की दुसऱ्या सोसायट्यांतले लोक विचारायला आले, कोणती एजन्सी लावलीत म्हणून.

"पप्पा, तिला नकोय ते पाणी," मी एकदा पिंपासमोर आडवी उभी राहून म्हटलं.

"मला द्यायचंय," ते म्हणाले.

"आणि आम्ही काय करायचं?"

"तुझं बरोबर आहे," म्हणाले, आणि बादली बुडवली. त्यांच्याशी भांडता यायचं नाही, हाच तर वैताग होता.

शेवटी एक दिवस ताईच बादली घेऊन आमच्या दारात आली. रिकामी बादली खाली ठेवली. पप्पा उठून उभे राहिले.

"काका, आता पाणी आणू नका. माझ्या हातापाया पडायचं तेवढं बाकी ठेवलंय तुम्ही," ती म्हणाली. "केलं मी माफ. सगळं केलं. पण एक वरीस नाय जमत. सासू अंथरुणाला होती ना माझी, ते वरीस. तिला साफ करायला पाणी नसायचं. खालून आणायचे तर तोवर ती तशीच पडून. रडायची म्हातारी. लाज वाटायची तिला माझी. ते नाय सुटत माझ्याकडून. खोटं कशाला बोलू?"

पप्पांनी मान हलवली. ताई गेली. मी पोळपाटापाशी बसून होते. ते कोणतं वर्ष ते मला लगेच कळलं होतं, कारण त्याच वर्षी माझी मुलगी झाली. तिची दुपटी मी दिवसातून तीनदा खळखळून धुवायचे आणि वाळत घालताना समोरच्या चौथ्या मजल्याची खिडकी दिसायची. पप्पा म्हणायचे, घाल गं पाणी, बाळाचं आहे. मला त्या वेळी पप्पांचा राग आला नाही, ताईचाही नाही. फार लाज वाटली, आणि ती कोणाच्या पदरात टाकावी ते कळेना.

पाळकांसमोर आता पेच होता. संपूर्ण माफी नाही, पण बारा आणे तरी आहे. असा मामला त्यांच्याकडे पूर्वी आलेला नव्हता. ते डोकं खाजवत म्हणाले, "बाराआण्यांत उतरू द्यावं की नाही, मी प्रार्थना करून सांगतो." प्रार्थना करून त्यांनी सांगितलं, उतरू द्यावं.

त्या रविवारी हाटकेशलाही पाण्याची बोंब. शनिवारपासून नळ सोडून ठेवला तरी हौद निम्माच भरलेला. टँकर येतो म्हणाला आणि आला नाही. बी विंगेतून ताई एकटी आली होती. पप्पांनी बोलावलं होतं म्हणून आली, पण आत खुर्चीवर न बसता शटरपाशीच उभी राहिली. दारूवाला बारीक अंगाचा, तो कसाबसा बुडाला. खोली लाटणारा कुशीवर वळून बुडाला. मग पप्पा उतरले. पप्पांची उंची सहा फुटांच्या आसपास आणि हौद भांड्यांसाठी बांधलेला.

पाळकांनी त्यांना मागे झोकून पाण्यात घातलं, तर गुडघे वर आले. गुडघे दाबले, तर डोकं वर आलं. दोन वडीलधारे मदतीला धावले. एकाने खांदे धरले, एकाने पाय, आणि पाळक मध्ये पोटावर. सासूबाई माझ्या कानात म्हणाल्या, "मारतील गं माणसाला." मला हसू आवरेना. तोंडात रुमाल कोंबून मी गदगदत होते आणि माझ्यामागची सगळी रांग गदगदत होती. शेवटी पप्पा पूर्ण भिजले, एक डावा गुडघा सोडून. तो काही केल्या खाली जाईना. विजारीचा तेवढाच गोल कोरडा पांढरा राहिला.

पाळकांनी भांडी खंगाळण्याचा मग उचलला आणि गुडघ्यावर ओतायला भरला. पप्पांनी त्यांचा हात धरला.

"राहू द्या तेवढं," ते म्हणाले. धाप लागली होती. "ताईंनी ठेवलंय ना तेवढं. मग तेवढं कोरडं राहू द्या."

हसणं थांबलं. पाळक हातातला मग तसाच धरून उभे. "मग मी बाप्तिस्मा झाला म्हणू, की नाही झाला म्हणू?"

"ते तुम्ही देवाला विचारा," पप्पा म्हणाले. "मला त्याच्या जवळ आल्यासारखं वाटतंय. गुडघ्याचं तो बघेल."

हौदातून बाहेर यायला त्यांना जमेना. कडेला शेवाळ होतं आणि ते थरथरत होते. कोणालाच काय करावं सुचेना, मीही टॉवेल घेऊन नुसती उभी. तेवढ्यात ताई शटरपासून आत आली. माझ्या हातातला टॉवेल तिने काढून घेतला, हौदाच्या कडेला वाकली आणि पप्पांच्या दंडाला धरलं.

"या काका बाहेर," ती म्हणाली. "गारठाल."