वाफ नुसती गरम लागते

मी अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या पार्सिपनीत राहते आणि जपानी साके विकते. साके म्हणजे तांदूळ आंबवून केलेलं मद्य. पुण्यात आई नातेवाइकांना अजूनही ‘ती फूड इम्पोर्टमध्ये आहे’ एवढंच सांगते. इथले मित्र ‘वहिनी, आज कुठलं तीर्थ?’ म्हणून चिडवतात. नवऱ्याच्या व्हिसावर बरीच वर्षं घरी बसल्यावर वर्क परमिट आलं आणि एका छोट्या आयात कंपनीत मला काम मिळालं. अमेरिकन मालकीणबाई, मी आणि बंदराजवळचं एक थंड गोदाम, एवढीच ती कंपनी. हिवाळ्यात हाताने साके करणारी जपानमधली मोजकी घरं आहेत, त्यांच्याकडूनच आम्ही माल घेतो.

अशाच एका घरचे म्हातारे मालक गेल्या शरदात दिवाळीच्या सुमाराला अमेरिकेत आले. बरोबर त्यांची मुलगी होती. टोकियोतली नोकरी सोडून ती वडिलांच्या हाताखाली शिकायला लागली होती आणि त्यांच्यासाठी दुभाष्याचं कामही तीच करायची. न्यू जर्सी आणि न्यूयॉर्कमधल्या रेस्टॉरंटांत त्यांना फिरवायचं काम माझ्याकडे होतं. मनातल्या मनात मी त्यांना काका म्हणायचे. मी त्यांच्या गावी एकदा जाऊन आले होते. पहाटेच्या थंडीत भाताच्या वाफेत तोंड घालून ते श्वास घ्यायचे, ‘अजून थोडं’ म्हणायचे, आणि सगळी माणसं हातातलं काम तसंच धरून थांबायची. तसं कोणाच्या शब्दावर थांबलेलं मी आमच्या ऑफिसात कधी पाहिलं नव्हतं.

विमानतळावरून येताना हायवेवर एक स्कंक, म्हणजे घाबरला की भयंकर दुर्गंधी सोडणारा मांजराएवढा प्राणी, चिरडून पडला होता. तो वास ज्याने घेतलाय त्यालाच कळेल. काचा बंद असूनही गाडीत शिरतो आणि घशाला चिकटून बसतो. मी तोंड वाकडं केलं, मागे मुलीने ओढणीसारखा गुंडाळलेला मफलर नाकावर धरला. काका खिडकीतून झाडांचे लाल-पिवळे रंग बघत होते. मग त्यांनी वळून आमच्याकडे पाहिलं आणि घाईघाईने स्वतःच्या नाकाला हात लावला. उशिरा. मला काहीतरी खटकलं, पण प्रवासाने दमले असतील म्हणून मी सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी जर्सी सिटीतल्या एका रेस्टॉरंटमध्ये चव बघायचा कार्यक्रम होता. प्रत्येक पेला काका नाकाशी नेत, डोळे मिटत, आणि बोलण्याआधी एकदा मुलीकडे बघत. ती पेला खाली ठेवी किंवा हातातच धरून राही. मग ते बोलत. मला वाटलं, बापलेकीची काही पद्धत असेल. पण मध्येच तिला फोन आला आणि ती बाहेर गेली. नेमकं तेव्हाच तिथल्या मालकाने कपाटातून एक जुनी बाटली काढली. ती उन्हाळाभर फ्रीजबाहेर राहिली असणार, कारण पेल्यातून शिळ्या ताकासारखी उग्र आंबूस घाण येत होती. मी पेला तोंडापर्यंत नेऊच शकले नाही. काकांनी हुंगला, दाराकडे पाहिलं. दारात कोणी नव्हतं. त्यांनी घोट घेतला, चेहऱ्यावरची रेषही हलू दिली नाही, आणि शिकलेल्या थोडक्या इंग्रजीत म्हणाले, “व्हेरी गुड.”

रेस्टॉरंटचा मालक हसला. त्याला ती थट्टा वाटली. मला मात्र हसता येईना, कारण गेल्या हिवाळ्यातला त्यांचा सगळा माल कंटेनरमधून समुद्रातून आमच्याकडे येत होता.

घरी मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, “अगं, जेट लॅग असेल यार. त्यांना जेवायला बोलव ना घरी. निवांत बोलता येईल.”

म्हणून रविवारी दुपारी त्यांना जेवायला बोलावलं. जेवणं झाली. चहासाठी दूध गॅसवर ठेवून मी मुलीला मागचं अंगण दाखवायला घेऊन गेले. नवरा कॉलवर होता, वर. काका स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले होते. आम्ही बाहेर मेपलखाली उभ्या होतो आणि मी तिला विचारू की नको अशा विचारात होते, तेवढ्यात जिन्यावरून नवऱ्याचा आवाज आला.

“अगं, गॅसचा वास येतोय का? अगं!”

मी धावले. दारातच तो सडक्या अंड्यांसारखा वास अंगावर आला. दूध उतू जाऊन ज्योत विझली होती. काकांनी सांडलेलं दूध पेपर टॉवेलने निगुतीने पुसून घेतलं होतं, पातेलं बाजूला ठेवलं होतं. शेगडी जुनी, बटण तसंच उघडं, गॅस सुरूच. आणि काका ओट्यापाशी पाठमोरे उभे होते. संध्याकाळसाठी तेल-वात घालून ठेवलेल्या पणत्या त्यांनी ओळीत मांडल्या होत्या आणि आम्हाला मदत करावी म्हणून लायटर हातात घेतला होता.

मी मराठीतच ओरडले, “काका, नको!”

शब्द कळले नसतील, पण आवाज कळला. त्यांचा अंगठा तिथेच थांबला. मुलगी माझ्या अंगावरून पुढे गेली आणि तिने त्यांच्या हातातून लायटर हिसकावून घेतला. मी बटण बंद केलं. नवऱ्याने दारं-खिडक्या उघडल्या आणि आम्ही सगळे कोट न घालताच अंगणात जाऊन उभे राहिलो.  काकांच्या दुसऱ्या हातात दुधाचा ओला कागद तसाच होता.

मग मुलीने सांगितलं. दीड वर्षापूर्वी त्यांना ताप आला होता. ताप गेला तेव्हा वासही गेला. गावात कोणाला माहीत नाही. कामगारांनाही नाही. अख्खा हिवाळा वाफेत तोंड घालून ते नुसतं नाटक करत होते आणि मागे उभी राहून ती हळूच खूण करत होती.

काका जपानीत काहीतरी बोलले. तिने खाली बघत भाषांतर केलं, “म्हणतात, वाफ आता नुसती गरम लागते.”

“आणि जो माल येतोय तो?” मी विचारलं. “तो चांगला आहे ना?”

ती म्हणाली, “एका टाकीत मला वेगळा वास आला होता. मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, तू नवीन आहेस, तुला काय कळतंय.”

सोमवारी सकाळी तिने स्वतःच मालकीणबाईंना हे सगळं सांगितलं. काका शेजारी ताठ बसून होते. मालकीणबाईंनी येणाऱ्या मालाची यादी काढून पाहिली. मग म्हणाल्या, “कंटेनर येईपर्यंत थांबा.”

तो बंदरात अडकला. आज सुटेल, उद्या सुटेल, असं चाललं. बापलेक हॉटेलात थांबली. मी त्यांना जेवण नेऊन द्यायचे. दोघं एकाच खोलीत खिडकीच्या दोन टोकांना बसलेली असायची. काकांसमोर सोललेलं संत्रं असायचं. त्याच्या साली ते पुन्हा पुन्हा नाकाशी नेऊन दाबायचे. मी आले की साल ठेवून द्यायचे आणि आभार मानायला वाकायचे.

शेवटी माल गोदामात आला. थंडीत आमच्या तोंडातून धूर निघत होता. न तापवता भरलेल्या, चटकन नासणाऱ्या साकेचे खोके मुलीने आधी उघडायला लावले, कारण ती टाकी त्यातलीच होती. तिने बाटली दिव्यासमोर धरली. आत पांढरट धुकं तरंगत होतं. झाकण काढल्यावर मी एक पाऊल मागे सरले. पुढची बाटली तशीच, त्यानंतरचीही. काकांनी एक बाटली हातात घेतली, हुंगली नाही, फक्त उजेडात धरून बघत राहिले. मग ती मुलीच्या हातात दिली आणि तिच्यासमोर कमरेत वाकले. वडील मुलीसमोर इतका वेळ वाकलेले बघवेना. तीही त्यांना उठवत नव्हती.

त्या टाकीचा सगळा माल आम्ही नष्ट केला. बाकीचा निर्दोष निघाला आणि गिऱ्हाइकांना आवडलाही. जायच्या आधी मालकीणबाईंनी मुलीला सांगितलं, “पुढच्या वर्षी तुझ्या नाकाच्या भरवशावर माल घेईन.” गावी परतल्यावर तिने कामगारांना खरं सांगितलं. दोघं जण काम सोडून गेले. बाकीचे राहिले. हा हिवाळा तिने एकटीने सांभाळला. काका तांदूळ धुतात, भांडी घासतात, वाफेजवळ येत नाहीत.

जानेवारीत तिला सर्दी झाली. तिने व्हिडिओ कॉल केला तेव्हा तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. “काहीच येत नाही,” ती म्हणाली. “टाकीवर उभी आहे आणि काहीच येत नाही.” मी म्हटलं, सर्दी आहे, जाईल. सर्दी गेली, वास परत आला. पण तेव्हापासून ती रोज उठल्यावर आधी चहाचा डबा उघडून हुंगते, आणि मगच आत जाते.

गेल्या आठवड्यात तिचा पहिला नमुना आला. मी आणि मालकीणबाईंनी उघडला. पिकल्या नाशपातीचा आणि ताज्या भाताचा वास होता. ‘फार छान झालंय,’ असं मी तिला कळवलं. तिचा लगेच उलटा मेसेज आला, ‘नक्की?’ मी ‘नक्की’ म्हटलं. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा विचारलं, ‘नक्की ना?’

संध्याकाळी मी ती बाटली घरी आणली. नवऱ्याला म्हटलं, “जरा तू बघ रे.” त्याने हुंगून ‘मस्त’ म्हटलं. मी पुन्हा हुंगली. मग ओट्यावरचा हिंगाचा डबा उघडला, तो हुंगला, आणि परत बाटली नाकाशी नेली.