चाटलेली भिंत

आमच्या कोठ्यात, गव्हाणीच्या वर, मातीच्या भिंतीला एक खळगा आहे. गायीच्या जिभेनं पडलेला. तो लिंपायला माझा हात अजून धजलेला नाही.

ती गाय बायकोच्या माहेरची. तुरीचं कुटार, सरकीची ढेप, सगळं पोटभर; तरी खरखर भिंत चाटायची. काळ्या कातडीवर तांबूस झाक आली होती. जनावरांच्या डॉक्टरनं पावडरची थैली दिली. "तांबं, जस्त, फॉस्फरस, थोडं थोडं सगळंच लागते तिले. रोज ढेपेत कालवा."

पोळा जवळ आला होता. मी ती थैली बैलांना चारली. तोरणाखाली त्यांची कातडी चमकावी, लोकांनी वळून पाहावं, बस.

"अवो, पावडर देता नं तिले? अजून भीत चाटून राह्यली."

"देतो नं. तुया माहेरची खोड आहे ते, जाईन कशी?"

बायको हसली. मी गुपचूप भिंतीला तिखट फासलं.

भिंत सुटली, तशी गाय पडीत रानातली जुनी हाडं चघळू लागली. एका सकाळी तिला उठताच येईना. जीभ बाहेर लोंबत होती, आत जाईना.

"सडक्या हाडाचं विष भिनलं," डॉक्टर म्हणाला. "आता इलाज नाही. अंगात क्षार कमी पडले का हाडं खाते जनावर. पावडर देल्ली होती नं?"

"हो," मी म्हणालो.

"मीच पडीतात सोडलं तिले," बायको म्हणाली. मी गप्प राहिलो. वर्षानुवर्षं राहिलो.

त्यानंतर तिनं एकाही जनावराला हात लावला नाही. यंदा सुनेनं गाय आणली, पाण्याची बादली बायकोच्या हाती देऊ गेली, तर ही मागे सरली. "माया हात वाईट आहे, बाई."

"वाईट हाताची भाकर अशी फुगते काय, आत्याबाई?" सून हसत बाहेर गेली.

ही हसली नाही. मग मी बोललो. थैली, बैल, डॉक्टरसमोरचा तो 'हो'.

तिनं सगळं ऐकून घेतलं. "अन् तिखट? भीत झाडतानी हाताले झोंबे."

"तेही मीच."

"जीभ पोळली असंन तिची." मग स्वतःचा तळवा न्याहाळत, "म्हंजे माया हात..."

ती उठली. माझ्याकडे पाहिलं नाही. अंगणात जाऊन तिनं नव्या गायीपुढे तळवा धरला. गाय तो चाटू लागली.

खरखर, खरखर. तोच आवाज. मी आत बसून ऐकत राहिलो.