लाइनमनकाकांचा सर्व्हर

लाइनमनकाका कुठलीही वस्तू घेण्याआधी विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारायचे, "बंद पडली तं हाक कोनाला मारू?" पंखा असो, मोबाइल असो, पनवेलच्या बाजारातला साधा मिक्सर असो. दुकानदार खोक्यावरचा कंपनीचा नंबर दाखवायचा. काका मान हलवायचे. "नंबर नको. मानूस सांग." टेलिफोन खात्यात त्यांची उभी हयात खांबांवर चढण्यात गेली होती. पळस्प्यापासून खाडीकाठच्या गावांपर्यंत कुणाचा फोन मुका झाला, की लोक त्यांच्याच दारात येत. त्यामुळे प्रत्येक यंत्रामागे एक माणूस असायलाच हवा, अशी त्यांची समजूत होती.

निवृत्तीनंतर ते सुकापूरला आमच्या इमारतीत, माझ्या वरच्या मजल्यावर राहायला आले. विमानतळासाठी त्यांचं गाव उठलं होतं. माणसं चहूकडे पांगली, त्यांच्याबरोबर धवलारणीही. धवलारीण म्हणजे आगरी लग्नात गाणी म्हणत विधी पार पाडणारी बाई. ही गाणी कुठे लिहिलेली नव्हती, म्हाताऱ्यांच्या तोंडी होती. काका एसटी, रिक्षा, मिळेल ते पकडून त्यांना शोधत फिरायचे आणि मोबाइलवर गाणी उतरवून आणायचे. "गाव गेलं ते गेलं," म्हणायचे, "बायांची गानी तरी नको जायला."

ही गाणी त्यांना स्वतःच्या वेबसाइटवर ठेवायची होती. "फुकट ठेवून घेनारा कवा उचलून फेकील, नेम नाय." मी सॉफ्टवेअरमधली, म्हणून माझ्याकडे आले. मी सर्व्हर भाड्याने घ्यायचं सुचवलं. दूरच्या एका मोठ्या संगणकाचा छोटासा हिस्सा, आपल्या एकट्याच्या ताब्यातला. त्या आठवड्यात मला कामाची घाई होती. इंटरनेटवर सगळ्यात स्वस्त दिसला तो निवडला. तीन वर्षांचं भाडं एकदम भरलं की जवळजवळ फुकटच.

"बंद पडला तं हाक कोनाला मारू, बाय?"

"मला मारा," मी हसत म्हणाले.

गाणी चढवून झाली. "मोबाइल भरलाय. यातली पुसू आता?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "पुसा."

आठ महिन्यांनी वेबसाइट उघडेना. बघते तर कंपनीच नाहीशी झालेली. मी मेल पाठवत राहिले, ते परत येत राहिले. शंभरावर गाणी गेली. गाणाऱ्यांपैकी तिघी तोवर वारल्या होत्या. हे सांगायला मी जिना चढून वर गेले. काकांनी मला आधी बसायला सांगितलं. मग म्हणाले, "तू हाकेला आलीस ना? तो नाय आला. तुजं काय चुकलं?" चुकलं माझंच होतं, आणि ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

दुसऱ्या वेळी निवड त्यांनी स्वतः केली. मी त्यांना परवडतील असे चार सर्व्हरवाले शोधून दिले. कुणाची जागा जास्त, कुणाचं पहिल्या वर्षाचं भाडं कमी. त्यांनी माझ्याकडून चौघांनाही एकच प्रश्न लिहून घेतला: तुमचं मशीन जळलं तर आमच्या गाण्यांचं काय? तोही रविवारी दुपारी पाठवायला लावला. "सुटीच्या दिवशी जागा कोन हाय, कळंल." एकाचं यंत्राने पाठवलेलं उत्तर लगेच आलं. दोघांनी, काही काळजी करू नका, असं कळवलं. चौथ्याने सोमवारी सकाळी दोनच ओळी लिहिल्या: गाणी जातील. तुमची एक प्रत तुमच्या घरी ठेवा.

"हा घे," काका म्हणाले. "उशिरा बोलला, पन खरं बोलला."

एक प्रत त्यांनी कपाटात ठेवली, दुसरी उरणला मुलीकडे. मग पुन्हा पायात चपला घातल्या आणि हयात असलेल्या प्रत्येक म्हातारीच्या घरी नव्याने गेले. तेव्हाच त्यांना धाप लागायला लागली होती. मी गाडी काढते म्हटलं, तर म्हणाले, "म्हाताऱ्या गाडी बगून लाजतात. गात नाय मग." त्या तिघींची गाणी मात्र दुसऱ्या कुणालाच पुरती येत नव्हती. त्यांच्या नावांची पानं काकांनी वेबसाइटवर तशीच रिकामी ठेवायला सांगितली. मी ती अजून काढलेली नाहीत.

पुढे काकांना हृदयाचं दुखणं निघालं आणि दीड महिन्यात सगळं आटोपलं. दवाखान्यात भेटायला गेले की मला आधी मोबाइलवर वेबसाइट उघडून एक गाणं लावायला सांगायचे. ते लगेच सुरू झालं की डोळे मिटून घ्यायचे.

दिवसकार्य झाल्यावर काकू खाली आल्या. "बाय, त्यांचा आवाज हाय का गो यात कुठं?"

मी सगळी गाणी ऐकून काढली. प्रत्येक वेळी सुरुवातीला काका बाईचं नाव, तिचं गाव सांगतात, आणि मग ते गप्प. एका ठिकाणी मात्र एक म्हातारी मध्येच थांबते. "तूपन म्हन की रं माज्यासंगं." काका हसतात. "नाय आये. मी मदी आलो तं तुजं कोन आयकंल?"

काकूंनी ते पुन्हा लावायला सांगितलं. मग आणखी एकदा. चौथ्यांदा मी बोट पुढे नेलं, तेव्हा त्यांनी माझा हात धरला.

"ऱ्हाऊ दे आता," म्हणाल्या. "घरात पन असंच. दुसऱ्यालाच बोलाया लावायचे."