खोकल्याचा नवस

नळदुर्गात दवाखाना टाकला की पेशंट बरे होऊन जातात, किस्से मात्र तिथंच राहतात. माझ्याकडं साचलेत त्यातले बहुतेक माझ्यावरच उलटलेले. यंदाचे तर सगळे खोकल्याचे.

दिवसभर मी लोकांचे खोकले थांबवायचो आणि घरी येऊन एका खोकल्याची वाट बघायचो. आमच्या आप्पांच्या. आप्पा रिटायर्ड मास्तर. तोंडात घास असताना बोललं की पाठीत धपाटा, हा त्यांचा नियम. लकवा झाला, एक बाजू लुळी पडली, बोलणं गेलं, गिळणं बिघडलं, नाकात नळी आली. चुकून श्वासनळीत गेलेलं बाहेर फेकायला जोरकस खोकला लागतो. तो दिसला की नळी काढायचं बघू, असं सोलापूरचे डॉक्टर म्हणाले होते.

*

एक शेतकरी मामा सिरप मागायला आले. मी त्यांना लेक्चरच दिलं. "मामा, खोकला म्हणजे राखणदार. छातीतला कफ बाहेर काढतोय. त्याला झोपवायचं नसतं."

मामांनी सगळं नीट ऐकून घेतलं. म्हणाले, "व्हय डॉक्टर, पण ह्यो राखणदार लई भुकतोय. घरातलं कुणी झोपंना."

मी सिरप दिलं.

*

दवाखाना खाली, घर वर. एकदा बायकोनं ठेच्यासाठी तव्यावर मिरच्या टाकल्या आणि खाली अख्खी वेटिंग रूम खोकायला लागली. गुडघा दाखवायला आलेल्या मावशीसुद्धा. मी केबिनमधून बाहेर येऊन जाहीर केलं, "साथ दिसतेय. सगळ्यांनी तोंडाला रुमाल लावा."

मावशी डोळे पुसत म्हणाल्या, "डॉक्टर, आधी वर जाऊन खिडकी उघडा की."

वर गेलो. आप्पा त्याच मिरचीच्या धुरात बसलेले, डोळ्यांतून पाणी, पण ठसका नाही. आई खुशीत होती. "बघ, आपल्या सगळ्यांपेक्षा ह्यांचीच तब्येत चांगली. साधा ठसका न्हाय."

"आई, तीच तर भीती आहे," मी म्हटलं आणि खिडकी उघडली.

*

शेवटी खोकला यायलाच हवा हे आईला पटलं, आणि तिनं मला अणदूरच्या खंडोबाला नवस बोलायला धाडलं. शिकलेला माणूस देवापुढं उभा राहून वडिलांना खोकला येऊ दे म्हणतोय, हे ऐकून पुजारीकाकांनी मला दोनदा विचारून घेतलं.

बाहेर आलो आणि घशातलं झाकण कसं काम करतं ते काकांना सांगत बसलो. तेवढ्यात मागच्या लोकांनी यळकोट करत भंडारा उधळला. मूठभर हळद सरळ माझ्या उघड्या तोंडात. शिंका आणि खोकला एकदमच सुरू झाले. थांबायचं नावच घेईनात.

काका पाण्याचा तांब्या घेऊन आले. "नवस आप्पांच्या खोकल्याचा बोलला होता न्हवं? देवानं तुमच्यातच उरकला की."

*

परवा सकाळी आप्पांना खुर्चीत बसवलं आणि शेजारी बसून मी चहा-खारी खात होतो. खाता खाता त्यांना धीर देत होतो. "आप्पा, सोप्पंय. गिळताना श्वास थांबतो, श्वासनळीवर झाकण बसतं, आणि घास बरोब्बर..."

झाकण बसायच्या आत खारी गेली. असा ठसका लागला की चहा लुंगीवर, डोळे बाहेर. आई धावत आली आणि माझ्या टाळूवर थापट्या मारत "वर बघ, वर बघ" करायला लागली. टाळूचा आणि ठसक्याचा काही संबंध नसतो, हे सांगायला मी तोंड उघडलं. पुन्हा ठसका.

आप्पांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. हसत होते. मग आवाज फुटला, आणि हसता हसता छातीच्या तळातून एक खोकला आला, खणखणीत. त्यामागून दुसरा.

आईचा हात माझ्या टाळूवर तसाच राहिला. मी खोकत, रडत आप्पांकडं बघत होतो, तोंडात अजून खारी होती.

आप्पांनी चांगला हात उचलला आणि माझ्या पाठीत धपाटा घातला.