प्लास्टिकवर शिक्का बसत नाही

बारावीचा निकाल लागल्यापासून आमच्या घरात एकच वाद चालू होता. मला उपयोजित गणितात पदवी घ्यायची होती, आणि ते परवडेल अशा ठिकाणी कुठे शिकवतात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. येणारा-जाणारा सल्ला देऊन जायचा. "पोट्टीले इंजिनिअरिंगले टाका," कुणी म्हणे. कुणी विचारी, "नुसतं गणित घेऊन काय करते? मास्तरीन होते काय?" होईन, त्यात तुमचं काय जातं, असं मी एकदा तोंडावर बोलले, तर आईने पाहुण्यांसमोरच डोळे वटारले.

मला त्या विषयाची गोडी लागली ती नळामुळे. अकोल्यात आमच्या भागात नळ रोज येत नाही. दोन नळांमध्ये किती दिवस गेले ते मी अकरावीपासून एका वहीत लिहायला लागले आणि त्यावरून पुढचा नळ कधी येईल ते सांगायला लागले. बहुतेक वेळा बरोबर यायचं. आई त्या भरवशावर गोधड्या भिजवायला काढायची. चुकलं की म्हणायची, "तुह्या गणितानं माह्या गोधड्या कोरड्याच राह्यल्या वं." पण पुढच्या वेळी पुन्हा मलाच विचारायची.

बाबा कोर्टाच्या आवारात टिनाच्या शेडखाली बसून लोकांचे अर्ज आणि प्रतिज्ञापत्रं टाइप करतात. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी तिथे जायची आणि त्यांच्या संगणकावर आम्ही दोघं कॉलेजं शोधायचो. पुण्याला शिकवत होते, पण खोली आणि मेस धरली की विषयच संपायचा. एका खाजगी विद्यापीठाच्या रंगीत पत्रकावर पहिल्या वर्षाचा आकडा होता. तो वाचून बाबांनी ते पान बंद केलं. मग एक दिवस अमरावतीचं एक अनुदानित कॉलेज सापडलं. उपयोजित गणित, सोबत संगणक, आणि फी इतकी की बाबांनी विचारलं, "हे महिन्याचं हाय का वर्षाचं?" वर्षाचं होतं. बडनेऱ्यापर्यंत रेल्वेचा पास, तिथून ऑटो, राहायचं घरीच. आमच्या आटोक्यातलं ते एवढं एकच होतं.

जागा थोड्या होत्या आणि माझं नाव प्रतीक्षा यादीत लागलं. शेवटच्या फेरीत ते वर सरकलं तो बुधवार होता. शुक्रवारी पाच वाजेपर्यंत मूळ कागदपत्रं घेऊन हजर राहायचं, नाहीतर जागा खालच्या नावाला जाणार. आम्ही गुरुवारीच निघालो. उगाच शेवटच्या दिवसाची धावपळ नको, असं बाबा म्हणाले.

खिडकीवरच्या बाईंनी एकेक कागद पाहिला आणि टीसीवर, म्हणजे कॉलेज सोडल्याच्या दाखल्यावर, येऊन थांबल्या.

"काका, हे काय करून आनलं?"

टीसी लॅमिनेट केलेली होती.

इथे बाबांबद्दल सांगायला हवं. आयुष्यभर त्यांनी लोकांचे भिजलेले, उंदरांनी कुरतडलेले, घामाने विरलेले कागद पाहिले आहेत. म्हणून आमच्या घरात प्रत्येक कागद प्लास्टिकमध्ये आहे: रेशन कार्ड, शेताचा सातबारा, गॅसची पावतीसुद्धा. माझी टीसी हातात पडली त्याच संध्याकाळी ते कोर्टासमोरच्या दुकानात ती घेऊन गेले. घरी आल्यावर तिच्यावर नखाने टकटक करून म्हणाले, "आता पान्यात बुडवली तरी काई होत नाई." तेव्हा मलाही छान वाटलं होतं.

"मागं प्रवेशाचा शेरा लिहा लागते," बाई म्हणाल्या, "शिक्का मारा लागते. प्लास्टिकवर शिक्का बसत नाई." आणि आम्हाला पटावं म्हणून त्यांनी कोपऱ्यावर शिक्का मारला आणि अंगठ्याने पुसून दाखवला. जांभळा फराटा उठला आणि गेला. "उद्या पाचपर्यंत दुसरी आना. नाईतर मले खालचं नाव घ्या लागते."

परतीच्या गाडीत मी बाबांवर तोंडसुख घेतलं. डब्यातले लोक ऐकत होते, तरी मला थांबता येईना. "तुमाले कोनं सांगतलं होतं? कोनं सांगतलं होतं लॅमिनेशन करा म्हनून?" बाबा म्हणाले, "कोनंच नाई." मला आणखीच राग आला.

अकोल्याला उतरल्यावर ते परस्पर त्या दुकानात गेले, प्लास्टिक काढता येतं का ते विचारायला. मला तेवढाही धीर नव्हता. शेजारणीने सांगितलं, इस्त्रीने गरम केलं की सुटतं. मी पलंगावर चादर अंथरली, इस्त्री फिरवली आणि कोपरा धरून ओढला. प्लास्टिक सुटलं, पण कागदाचा वरचा पापुद्रा घेऊनच. माझं नाव, आईचं नाव, जन्मतारीख, सगळं त्या प्लास्टिकला चिकटून आलं आणि खाली राहिला फाटका पांढरा कागद.

बाबा आले. त्यांनी पलंग पाहिला, इस्त्री पाहिली.

"निघत नव्हतं," मी म्हणाले.

त्यांनी दोन्ही तुकडे उचलून पिशवीत ठेवले. "हात भाजला काय?" एवढंच विचारलं. त्यांनी दोन शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं.

शुक्रवारी सकाळी आम्ही माझ्या ज्युनिअर कॉलेजच्या ऑफिसात गेलो. तिथले मोठे बाबू बाबांना ओळखत होते. त्यांनी ते तुकडे पाहिलेसुद्धा नाहीत.

"दुसरी टीसी, पहिली हरवली असन तरच देता येते. हरवली म्हनून प्रतिज्ञापत्र आना, नोटरी करून. तुमी तर रोजच टाइप करून राहिले ना! दोन मिनिटाचं काम."

"पन हरवली नाई ना," बाबा म्हणाले.

"अहो, मले मालूम हाय. पन लिहा तसं."

"हरवली नाई," बाबा पुन्हा म्हणाले. "जे झालं ते लिहून आनतो. दोन्ही तुकडे जोडतो. चालन का, ते साहेबाले विचारा."

साडेदहा वाजले होते. मला तिथेच ओरडावंसं वाटलं. बाहेर आल्यावर ओरडलेच. "लिहा ना हरवली म्हनून! काय फरक पडते? लोकाईची खोटी टाइप करता, ते चालते?"

"लोकं काय सांगतात ते मी टाइप करतो. शपथ त्यायची असते," ते म्हणाले. "हे माह्या सहीचं हाय."

मला ते तत्त्व त्या वेळी अजिबात आवडलं नाही. अजूनही, खरं सांगायचं तर, पाचची मुदत डोक्यावर असताना मी त्यांच्यासारखी वागले असते असं वाटत नाही. शेडमध्ये त्यांनी टाइप करायला घेतलं तेव्हा मी मुद्दाम पाठ फिरवून उभी राहिले. नोटरी वकील कोर्टात गुंतले होते. ते यायला बारा वाजून गेले. कॉलेजच्या ऑफिसात पोचलो तर साहेब, म्हणजे प्राचार्य, जेवायला गेलेले. बाबूंनी प्रतिज्ञापत्र हातात घेतलं आणि वेळ घालवायला म्हणून मोठ्याने वाचायला लागले.

"सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की, माझ्या मुलीची टीसी हरवलेली नसून, ती मी स्वतः लॅमिनेट केली. त्यानंतर लॅमिनेशन काढत असताना ती माझ्या हातून फाटली..."

मी बाबांकडे पाहिलं. ते भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होते.

मी बोलायला हवं होतं. 'फाडली मी' एवढे दोनच शब्द. पण एक वाजून गेला होता, अडीचची गाडी होती, आणि कागद बदलायचा म्हणजे पुन्हा नोटरी. मी हा हिशोब केला आणि गप्प बसले. हिशोब बरोबर होता, आणि मला स्वतःची लाज वाटत होती.

साहेब दोनला आले. त्यांनी वाचलं, तुकडे जुळवून पाहिले आणि बाबूंना म्हणाले, "द्या. एवढं खरं कोन लिहून देते?" वर 'दुय्यम प्रत' असं लिहिलेली नवी टीसी घेऊन आम्ही अक्षरशः पळालो. गाडी मिळाली. मूर्तिजापूरच्या अलीकडे ती सिग्नलला उभी राहिली आणि हलेचना. बाबा टीसीची पिशवी छातीशी धरून उभे होते, बसायला जागा असूनही. बडनेऱ्याला चार वाजून वीस मिनिटं झाली होती. ऑटोवाल्याला बाबांनी भाव विचारला नाही, हे मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं.

खिडकीवर पोचलो तेव्हा पाचला दहा कमी होते. बाईंनी टीसी उलटी केली, शेरा लिहिला, शिक्का मारला. बाबा म्हणाले, "मॅडम, एक मिनिट पाहू देता काय?" त्यांनी शिक्क्याला बोट लावलं नाही, नुसता वाकून पाहिला. शाई कागदात मुरली होती.

परतताना मी विचारलं, "बाबा, तुमी तर म्हने तुमच्या सहीचं खोटं लिहीत नाई."

"खोटं काय हाय त्याच्यात? लॅमिनेशन कोनं केलं होतं?"

"पन फाडली मी."

"तुह्यं नाव त्या कागदावर काहून येऊ द्याचं?" ते म्हणाले. "तुले अजून लय ठिकानी कागद द्या लागतीन." मग त्यांनी पिशवीतून आईने बांधून दिलेली पोळी काढली. सकाळपासून आम्ही दोघांनी काही खाल्लं नव्हतं.

त्या कॉलेजातून मी पदवी घेतली. आता अमरावतीलाच पुढचं शिकते आहे. ते प्रतिज्ञापत्र अकोल्याच्या त्या ऑफिसात कुठल्याशा फायलीत अजून असेल, बाबांच्या सहीचं, आणि त्यात एक ओळ खोटी आहे. ती आजवर कुणी दुरुस्त केलेली नाही. म्हणून सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की, टीसी माझ्या हातून फाटली. बाबा तेव्हा घरी नव्हते.