उन्हाचं भाडं

मातीच्या तेलासाठी, म्हणजे रॉकेलसाठी, मी जेवढी भांडले, तेवढी आयुष्यात दुसऱ्या कशासाठी भांडले नाही. ऐंशी सालानंतरची ती वर्षं. नागपुरात इतवारीजवळच्या एका गल्लीत मी आणि माझी जाऊ खानावळ चालवायचो. आमचे नवरे हातमागावर विणायचे, पण मागाला काम कधी असायचं, कधी नसायचं. घर चालायचं ते जेवायला येणाऱ्या कॉलेजच्या मुलांवर, आणि त्यांचं सगळं जेवण दोन स्टोव्हांवर शिजायचं.

घरमालकाचंच खाली कंट्रोलचं, म्हणजे रेशनचं दुकान. रांगेत उभं राहावं तर तेल 'आलंच नाही'. मागच्या दारी गेलं की दुप्पट भावानं हवं तेवढं. विचारलं की म्हणायचा, "तिकडे अरबांच्या मुलखात लढाई सुरू हाय बाई, मी का करू?" लढाई कुठली, कोणाची, मला ठाऊक नव्हतं. तिची किंमत माझ्या वरणात का मिसळायची, एवढाच माझा सवाल होता. मुलांचे पैसे महिन्याच्या सुरुवातीलाच ठरलेले असायचे, ते मध्येच कसे वाढवणार?

एका प्रदर्शनात मी सूर्यचूल पाहिली. आत काळे डबे ठेवायची पेटी, वर दुहेरी काच, झाकणाला आरसा. काही पैसे सरकार देत होतं, उरलेले आम्ही भिशीतून काढले आणि पेटी गच्चीवर नेऊन ठेवली.

सासूबाई म्हणाल्या, "उन्हात पापड वाळतात वं, भात कसा शिजन?"

दुपारी डबा उघडला तर वाफेनं माझी बोटं पोळली. सासूबाईंनी गुमान वरण-भात खाल्ला आणि म्हणाल्या, "मीठ कमी हाय."

तेव्हापासून दुपारी स्टोव्ह फक्त पोळ्यांपुरता पेटायचा. कधीमधी रांगेत मिळणारं तेल आता पुरायचं, म्हणून आम्ही मागच्या दारी जाणं सोडलं. ते मालकाच्या ध्यानात आलं आणि एक दिवस तो गच्चीवर आला.

"हे खोकं उचला. खोली भाड्यानं दिली, छत नाही. ठेवायचं असन तर वेगळं भाडं द्या."

"उन्हाचं भाडं?"

"तसं समजा."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. नागपूरचं ऊन! ज्यानं आमच्या पोरांच्या नाकाचे घोळणे फुटतात, माठातलं पाणी तापतं, ते फुकट सोसायचं आणि कामाला लावलं तर याला भाडं! मी साफ नाही म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पेटीत भात-वरण लावून मी खाली आले. मुलं येण्याआधी वर गेले तर गच्चीच्या दाराला कुलूप. मुलांचं जेवण आत आणि मालक दुकानात बसून पान चघळतोय. मी किल्ली मागितली, तर त्यानं वर पाहिलंसुद्धा नाही.

जाऊ माझ्यापेक्षा गरीब स्वभावाची. पण तिनंच वरवंटा उचलला, जिना चढली आणि कुलपावर घाव घालायला लागली. सासूबाई जिन्यात आडव्या बसल्या. मालक धावत आला, "पोलिसात जातो!" म्हणून ओरडला.

"चला, मी बी येतो," मी म्हटलं. "कुलपाचं तुम्ही सांगा, मागच्या दाराचं मी सांगतो."

तो पाय आपटत दुकानात परतला. कुलूप तुटलं. मुलांना गरम भात मिळाला.

दिवाळीनंतर मात्र त्यानं आम्हाला घराबाहेर काढलंच. उमरेड रोडकडे अंगण असलेलं घर मिळालं, तिथे पेटी ठेवायला कोणाची परवानगी लागत नव्हती. पावसाळ्यात ती घरात बसायची आणि आम्ही पुन्हा तेलाच्या रांगेत, पुन्हा तेच 'आलं नाही'. तेव्हा मला एवढा राग यायचा की घरातले माझ्याशी बोलायचे नाहीत.

पण ऊन असलेल्या महिन्यांत दुपारचा खर्च मला आधीच सांगता यायचा. आसपासच्या खानावळींनी पुढच्या दोन वर्षांत किती वेळा पैसे वाढवले. आम्ही एकदाही वाढवले नाहीत.

नवीन घरी पहिल्या दिवशी जावेनं पेटी दक्षिणेकडे तोंड करून ठेवली, आरसा पदरानं पुसला आणि म्हणाली, "आता येऊ दे कोणी भाडं मांगाले."